रिकाम्या खुर्चीवरचा रुमाल

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत खुर्च्यांच्या होत्या त्या तिन्ही रांगा अध्यक्ष भार्गवराव टिपरे यांच्या पाहुण्यांसाठी रुमाल टाकून धरल्या होत्या. पाहुणे आलेच नाहीत. गाव मागच्या भिंतीला टेकून उभं होतं.

भार्गवराव माइकसमोर आले. "ती भिंत भरीव वाटते ना? अणूच्या आत बहुतेक जागा रिकामीच असते! मग हात आरपार का जात नाही? सांगेल त्याला माझी खुर्ची. पण तुम्हाला काय कळणार म्हणा!"

"एवढंच ना?" म्हणत एसटीच्या निवृत्त कंडक्टर शेवंताबाई मागून निघाल्या, व्यासपीठावर चढल्या आणि अध्यक्षांच्या खुर्चीवर त्यांनी आपला रुमाल टाकला.

"खुर्ची रिकामी आहे, साहेब. बसून दाखवा."

भार्गवराव बसले नाहीत. रुमाल टाकलेल्या जागेवर बसणारा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्मायचाय.

"भिंतीतही असंच असणार," बाई म्हणाल्या. "जागा रिकामी, पण कुणीतरी धरून ठेवलेली. आम्ही तासभर उभ्यानं तेच बघतोय."

अध्यक्षांनी तिन्ही रांगांतले रुमाल उचलायला लावले. लोक बसले, शेवंताबाईही व्यासपीठावर, आपला रुमाल टाकलेल्या खुर्चीवर बसल्या. आभारप्रदर्शन अर्धा तास चाललं. भार्गवरावांनी ते उभ्यानं ऐकलं.