दोराचे दुसरे टोक

पूर्वी अश्मक देशी, गोदावरीकाठच्या पोतन नगरात राजा रुचक राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका दोर वळणाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. सोमिल हे त्याचे नाव. नावाड्यांच्या आळीतच तो म्हातारा झाला. घाटावरची एकही नाव त्याने वळलेल्या दोरावाचून बांधली जात नसे.

त्याच आळीत उत्पला नावाची एक सून होती. तीन वर्षांपूर्वी पुरात नाव उलटली, तेव्हा ती आणि तिची धाकटी बहीण दोघी पाण्यात पडल्या होत्या. उत्पला वाचली. बहिणीचा हात मात्र तिच्या उजव्या हातातून सुटला. तेव्हापासून त्या हाताने ती काही धरीनाशी झाली. तांब्या उचलला तरी बोटे ढिली पडत. वैद्यांनी तेले चोळली, लेप लावले. हाताला काही झालेच नव्हते, तर तो बरा कशाने होणार?

एवढ्यावर निभावले असते. पण आता तिला मुलगी झाली होती, चार महिन्यांची, आणि उत्पलेने तिला एकदाही उचलून घेतले नव्हते. सासू सुलसा लेकराला तिच्या छातीशी धरी आणि दूध पिऊन झाले की परत नेई. पोर रडली की उत्पलेचा जीव तुटे, पण हात पुढे होत नसत. हीही सुटली तर? अलीकडे पोर आजीच्या आवाजाकडे मान वळवू लागली होती. आई बोलली तर तिला काही वाटत नसे. हे उत्पलेला दिसत होते, आणि ते सोसवत नव्हते.

आळीची एक जुनी रीत होती. जो बुडाला त्याचे नाव वाचलेल्यासमोर घ्यायचे नाही. नदी ते ऐकते आणि आणखी एक माणूस मागते, अशी समजूत. त्यामुळे उत्पला आली की पाणवठ्यावरच्या बायका घाईने लोणच्या-पापडाचे बोलू लागत. माणसे मायाळू होती, यात वाद नाही. पण त्या दिवशी झाले तरी काय, हे तीन वर्षांत एकाही मायाळू माणसाने तिला विचारले नाही.

उन्हाळ्यात सोमिलचा जोडीदार तापाने पडला. दोर वळायला दोन माणसे लागतात. एकाने पीळ द्यायचा, दुसऱ्याने टोक ताणून धरायचे. टोक सुटले की सगळा पीळ उकलतो. सोमिल उत्पलेच्या दारी येऊन म्हणाला, "सूनबाई, टोक धरायला येतेस?"

सुलसा उसळलीच. "आजोबा, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? तिच्या हातात पळी टिकत नाही!"

"डावा हात आहे की. तेवढा पुरे."

उत्पला गेली. जांभळीच्या सावलीत अंबाडीच्या वाखाला पीळ देता देता सोमिलने सहज विचारले, "तुझ्या बहिणीचं नाव तिष्या ना गं?"

 दुसऱ्याच्या तोंडून ते नाव ऐकताच उत्पलेला तहानेल्याला पाणी मिळावे तसे वाटले. "हो," ती म्हणाली. "तिष्या."

"सांग त्या दिवसाचं."

तिने सांगितले. हात सुटला, इथवर आली आणि थांबली. सोमिल पीळ देत राहिला. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच थांबली. त्याने दुसऱ्या दिवशीही घाई केली नाही.

तिसऱ्या दिवशी नावाड्यांचा म्होरक्या उग्रक तणतणत आला. "म्हाताऱ्या, नदीला नाव ऐकवतोस? उद्या कुणी बुडालं तर? आजपासून घाटाचा दोर तू वळायचा नाहीस!"

"बरं," सोमिल म्हणाला. "मग हा शेवटचा तरी नीट वळू दे."

उग्रक पाय आपटत गेला. उत्पलेला रडू आले. "आजोबा, माझ्यापायी तुमचं काम गेलं."

"ते राहू दे. हात सुटला. मग?"

या 'मग'पर्यंत ती स्वतःही कधी गेली नव्हती. तिने टोक आणखी ताणून धरले.

"मग मी बुडी मारली," ती म्हणाली, आणि आपलेच बोलणे ऐकून चकित झाली. "वर आले, परत मारली. तळाशी चाचपलं. मला नावाड्यांनी केसांना धरून वर काढलं, तरी मूठ उघडेना. एकेक बोट सोडवावं लागलं त्यांना. आत नुसता चिखल होता."

"कुठला हात?"

उत्पलेने खाली पाहिले. दोर तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. उजवा कधी पुढे आला, ते तिला कळलेही नव्हते. ती हुंदके देऊन रडली. सोमिलने तिला गप्प केले नाही, की टोक सोड असेही म्हटले नाही.

रडणे ओसरल्यावर तो म्हणाला, "पुराच्या ओढीने माझा नवा दोर तुटलेला मी पाहिलाय, पोरी. तू तर माणूस आहेस."

ती घरी आली तेव्हा सुलसा पोरीला अंघोळ घालून पुसत होती.

"आत्याबाई, द्या तिला माझ्याकडे."

सुलसेने पोर दिली, पण आपले हात खालून काढीना. मग एक हात काढला. थोड्या वेळाने दुसरा. पोर आधी रडली, अनोळखी कुशीत रडेल तशी. मग दूध शोधू लागली. उत्पलेला इतके हलके वाटले की ती होती तिथेच खाली बसली.

रिकाम्या हातांचे काय करावे, ते सुलसेला सुचेना. कोरडी जमीनच ती पुसत राहिली आणि पाठमोरीच म्हणाली, "डोळे तिष्येचे आहेत तिचे. पहिल्या दिवसापासून दिसतंय मला. पण बोलायचं कसं?"

"बोला," उत्पला म्हणाली. "आता बोलत जा."

त्या पावसाळ्यात नदीने कुणालाच मागितले नाही. पुढे उग्रकच मान खाली घालून दोर मागायला सोमिलच्या दारी आला.

ही कथा सांगून भिक्षुसंघाचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची उत्पला म्हणजे आजची भिक्षुणी सुव्रता. सुलसा म्हणजे तिच्यासाठी रोज भिक्षा वाढून ठेवणारी उपासिका नंदवती, आणि उग्रक म्हणजे आपला तापट भिक्षू कपिलक. दोर वळणारा मीच होतो. करुणा त्या आळीत पुष्कळ होती. उणी होती ती क्षांती, सोशिकता. पुढचा शब्द येईपर्यंत समोर बसून राहण्याची."