आतला कोण?

कोळिकोडच्या जुन्या गोदीत नवे गलबत पाण्यात उतरते, तेव्हा त्याच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, लगेच हार घालत नाहीत. आधी मालक फळीवर हात ठेवून मोठ्याने विचारतो, "आतला कोण?" पाहुणे चक्रावतात. मग वाडीतले म्हातारे चेक्कू मूप्पन त्यांना सावलीत बसवून सांगतात.

फार पूर्वी गलबतांना खिळे नसत, फळ्या सुंभाने शिवत. एक कारागीर बाहेर, एक आत, आणि भोकांतून दोर इकडून तिकडे. बाहेर उण्णीरी असे, आत कोरन. शिवण दोघांची, पण दिसे ती बाहेरची. अरब व्यापारी येत, टाक्यांवरून बोट फिरवत आणि रेशमी उपरणे उण्णीरीच्या खांद्यावर पडे. कोरन घामाघूम होऊन बाहेर येईपर्यंत विडेसुद्धा संपलेले असत. त्याचा नुसता जळफळाट होई. वर उण्णीरी हसून म्हणे, "चल कोरन, भूक लागली." ते हसणेच त्याला जास्त झोंबे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. हा तर रोज नवा पीळ भरत होता.

एकदा त्याने तळाची गाठ मुद्दाम सैल ठेवली. गलबत थोडे गळेल, उण्णीरीची नाचक्की होईल, एवढेच त्याच्या मनात. व्यापारी आत उतरून बघू लागला, तर उण्णीरीने अडवले, "आत कोरन होता. बघायचं काय त्यात?"

ते कोरनने ऐकले. तरी कबूल करायला जीभ उचलेना. भरतीबरोबर गलबत निघाले. पहिल्या फेरीला बाहेरच्या कारागिराने गलबतावर असायचे, या रिवाजाप्रमाणे उण्णीरी वर होता. तेव्हा मात्र कोरनने पाण्यात उडी घेतली, पोहत जाऊन गलबत गाठले आणि थेट तळात उतरला. खाडीच्या मुखाशी फळी उकललीच. त्याने तिला पाठ लावली, दोर मनगटाला गुंडाळला आणि ओरडला, "गाठ मीच सैल ठेवली रे!"

उण्णीरी खाली धावून आला होता आणि शेजारी पाणी उपसत होता. म्हणाला, "दोर ओढला तेव्हाच कळलं. वाटलं, दमला असशील, निघायच्या आत घट्ट करशील. चारचौघांत तुझं नाव कसं घालवू?"

गलबत माघारी वळून वाळूवर चढले. पाणी डोक्यावरून गेले, जीव गेला, तरी कोरनने दोर सोडला नव्हता, असे सांगतात. व्यापाऱ्याने दिलेले उपरणे उण्णीरीने कोरनच्या अंगावर घातले.

आजही मालक विचारतो, "आतला कोण?" आत कुणीही बसलेला असो, बाहेरचा कारागीर खणखणीत आवाजात एकच नाव सांगतो, "कोरन!" त्यानंतरच हार निघतो, आणि तो आधी तळात उतरवतात.