मनातल्या मनात कुस्ती

“आठ दिवसांत एक पैलवान तयार करा! त्याने एक जोर मारता कामा नये, एक बैठक काढता कामा नये, अंगाला चिमूटभर माती लावता कामा नये. आणि जत्रेच्या कुस्तीत त्याने चांदवळीच्या मल्लाला चीत केलं पाहिजे! नाही केलं, तर तालमीला कुलूप आणि वस्ताद राज्याबाहेर!”

करंजगडच्या भूपाळराजांचा हा हुकूम ऐकून येसबा वस्ताद मटकन खाली बसले. चाळीस वर्षं त्यांनी या तालमीत पोरं घडवली होती. घाम न गाळता पैलवान होतो, ही बातमी त्यांना नवीन होती.

हा शोध दरबारात नव्याने आलेल्या विद्याधर पंडितांचा. त्यांचं मत असं, की शरीर मिथ्या, मन तेवढं खरं. तेव्हा शरीराला कसरत शिकवणं म्हणजे सावलीला आंघोळ घालणं! राजांना हे तत्त्वज्ञान एका बैठकीत पटलं. त्याच आठवड्यात राजवैद्यांनी त्यांना रोज शंभर बैठका सांगितल्या होत्या, हा निव्वळ योगायोग.

लगेच तालमीत नवं शिक्षण सुरू झालं. लाल मातीवर सतरंज्या पडल्या. पोरं डोळे मिटून रांगेत बसू लागली.

“किती जोर काढलेस?” पंडित विचारत.

“मनात दोनशे, गुरुजी!”

“शाब्बास! आणि हा घोरतोय तो?”

“त्याचे पाचशे झाले. दमलाय.”

पंडित समाधानाने मान डोलवत. येसबांनी तक्रार केली, त्यावर राजांचा हा हुकूम आला. तालीम बंद पडली, की त्या जागेत पंडितांच्या पोथ्या ठेवायच्या, हेही ठरून गेलं होतं.

येसबांची मुलगी हौसा रोज तालमीच्या हौद्यातली माती उकरायची, तिच्यात ताक आणि तेल मुरवायची. कुस्तीतले डाव तिला बापाइतकेच ठाऊक होते. ती सरळ दरबारात गेली.

“महाराज, पैलवान मी उभा करते. फक्त तो मी निवडीन, आणि त्याला ‘नाही’ म्हणता येणार नाही.”

“मंजूर!” राजे म्हणाले.

येसबा हबकले. “हौसे, अगं आठ दिवसांत तू करणार काय?”

“काहीच नाही, आबा. हुकूमच तसा आहे!”

आणि खरंच, आठ दिवस तिने काही केलं नाही. येसबांना अन्न गोड लागेना. त्यांनी कपड्यांचं गाठोडंसुद्धा बांधून ठेवलं.

जत्रेचा दिवस उजाडला. मैदान माणसांनी फुललं. चांदवळीचा रायबा पैलवान हौद्यात उतरला, तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं आपोआप मागे सरकली. त्याच्या एकेका दंडात पंडितांचं अख्खं मिथ्या शरीर मावलं असतं.

“कुठाय तुझा पैलवान?” राजांनी विचारलं.

“हे काय, आपल्याशेजारीच बसलेत!” हौसा हात जोडून म्हणाली. “जन्मात एक बैठक नाही, मातीचा कण नाही, घामाचा थेंब नाही. मन तर असं कसलेलं, की साऱ्या राज्यात तोड नाही. उठा पंडितजी, लांग चढवून मातीत उतरा!”

मैदानात हशा उसळला. पंडितांचा चेहरा पांढरा पडला.

“मी... मी गुरू आहे! मी लढत नाही!”

“घाबरू नका, पंडितजी,” रायबा अदबीने म्हणाला. “तुमच्या मताप्रमाणे मी नाहीच आहे.”

“पण हा माझी मान मोडेल!”

“कुठली मान?” हौसाने विचारलं.

पंडित घामाने डबडबले. जीव वाचवायला त्यांनी राजांकडे बोट दाखवलं. “महाराज माझे पट्टशिष्य आहेत! माझ्यापेक्षा त्यांची साधना मोठी. हा मान त्यांचाच!”

राजांनी रायबाकडे पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. ते मिथ्या आहे असं त्यांना मुळीच वाटेना.

“पोरी,” राजे खालच्या आवाजात म्हणाले, “मी उतरलो तर काय होईल?”

“महाराज, मनाला काही लागायचं नाही,” हौसा म्हणाली. “बाकीचं आम्ही झोळीत घालून वाड्यावर पोचवू!”

राजे जे हसत सुटले, ते पोट धरूनच! रायबा हसला, येसबाही हसले.

“हरलो!” डोळे पुसत राजे म्हणाले. “त्या सतरंज्या उचला! तालीम वस्तादांची. आणि हौसा, आजपासून तूही तिथे शिकवशील. हे घे.” त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. “आणखी काय हवं ते माग!”

“एकच कायदा करा, महाराज. तालमीत कसं शिकवावं, हे ज्याला सांगायचं असेल, त्याने आधी पन्नास बैठका काढाव्यात. मग खुशाल सांगावं!”

“आत्तापासून लागू!” राजे गरजले. “बोला पंडितजी, आपल्याला काही सांगायचंय?”

पंडितांनी जोरजोरात मान हलवली. त्यांना काहीही सांगायचं नव्हतं.