मंजुळेचा रुसवा

एकदा एका बालकाश्रमात एक वृद्ध गुरुजी आणि त्यांचा एक तरुण शिष्य राहत होते. मुलांचं सगळं शिष्य बघे, आणि अगदी मनापासून बघे. त्याच्या देखरेखीतली मुलं हाक मारण्याआधी उठत, पानात काही टाकत नसत, एकमेकांची खोडी काढत नसत. येणारे-जाणारे म्हणत, "इतकी गुणी मुलं आमच्या घरातसुद्धा नाहीत हो." शिष्य वरवर संकोचे, पण आतून सुखावे. माणूसच तो.

या मुलांत मंजुळा नावाची एक मुलगी होती. नवरा गेल्यावर तिची आई, गौराबाई, आजारपणाने अंथरुणाला खिळली, तेव्हा नाइलाजाने तिने लेकीला आश्रमात ठेवलं होतं. पुढे बाई बरी झाली, विणकराच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या कामाला लागली, भाड्याने एक खोली घेतली. गुरुजी स्वतः जाऊन ती खोली आणि शेजारपाजार पाहून आले. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी गौराबाई लेकीला भेटायला येऊ लागली.

मंजुळा आईसमोर हात जोडून उभी राही. आईने लाडू दिला तर आधी "खाऊ का?" म्हणून विचारी, खाऊन झाल्यावर आभार मानी. वेणी घालताना केस ओढले गेले तरी हूं की चूं करीत नसे. शिष्याला वाटे, घरी पाठवायला याहून तयार मूल कुठून आणायचं?

"गुरुजी, नेऊ का आता पोरीला?" गौराबाई प्रत्येक भेटीत विचारी.

"अजून नाही, बाई," गुरुजी म्हणत. "पण येत राहा."

बिचारी पदराने डोळे पुसत परत जाई. शिष्याला ते बघवेना. एके दिवशी धीर करून तो म्हणाला, "गुरुजी, आईची माया दिसते आहे, पोरगी शहाणी आहे. मग अडवता कशाला? तिच्यात कमी काय आहे?"

"कमी काही नाही. शहाणपण जरा जास्त आहे," एवढंच बोलून गुरुजी उठून गेले. शिष्य मनातल्या मनात धुमसत राहिला.

पुढे एका बाजाराला गौराबाई आलीच नाही. मालकाने सुट्टी दिली नव्हती. नंतरच्या बाजाराला ती धापा टाकत पोहोचली, तर मंजुळेने तिच्याकडे पाठ फिरवली. जवळ घ्यायला पुढे केलेला हात झिडकारला. आईच्या हातातली फणी हिसकावून अंगणात भिरकावली.

"तू आली नाहीस. मी किती वाट बघितली. जा, मी नाही बोलणार तुझ्याशी." आणि भिंतीकडे तोंड करून ती हमसाहमशी रडू लागली.

शिष्य शरमेने अर्धा झाला. तो तिला दटावायला पुढे सरसावला, तेवढ्यात गुरुजींनी त्याचा दंड धरला. गौराबाईचा तर धीरच सुटला. "तुटली माझी पोर माझ्यापासून," ती म्हणाली. "राहू दे तिला इथंच. सुखात आहे." आणि ती निघायला उठली.

"बसा, बाई," गुरुजी म्हणाले, आणि शिष्याकडे वळले. "मंजुळेचे कपडे बांधून आण. आज ती घरी जाते आहे."

शिष्य बघतच राहिला. "आज? अशी वागल्यावर?"

"अरे, तू तिला न्हाऊमाखू घातलंस, तापात तिच्या उशाशी बसून राहिलास. तुझ्यावर ती कधी रुसली? नाही. आपण नकोसे झालो तर इथूनही उचलून दुसरीकडे कुठेतरी ठेवतील, ही धास्ती या मुलांच्या पोटात असते. त्या धास्तीला तू शिस्त म्हणत होतास. तुझा दोष नाही, तू जीव लावलास. परंतु कसंही वागलो तरी हे माणूस आपल्याला टाकणार नाही, हा भरवसा वाटल्याशिवाय मूल रुसत नाही. आजवर ती आईशी पाहुण्यासारखी वागत होती. आज आईवर तिने हक्क सांगितला. मी याच दिवसाची वाट बघत होतो." मग ते गौराबाईला म्हणाले, "रुसलेली लेक आहे. समजूत काढत काढत न्या."

शिष्याने गाठोडं बांधलं. फाटकातून आई पुढे आणि लेक मागे, फुरंगटलेली. थोडं अंतर गेल्यावर गौराबाई थांबली, रस्त्यातच खाली बसली आणि लेकीला काहीतरी म्हणाली. मंजुळेने आधी मान उडवली. मग धावत जाऊन ती आईच्या गळ्यात पडली. पुढे वळणाआड दिसेनाशा होईपर्यंत मायलेकी एकमेकींशी बोलतच होत्या.

शिष्य रस्त्याकडे बघत म्हणाला, "गुरुजी, तिने एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही."

"नाही ना?" गुरुजी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "मग तुझं काम चांगलं झालं, बाळा."

तेव्हा कुठे शिष्याला रडू फुटलं, आणि ते लपवावंसं त्याला वाटलं नाही.