दोल्गोरबाईंचं लांब गाणं

"जे गळ्यातून गायचं, ते पियानोवर कशाला, बाई?"

दोल्गोरबाई रंगमंचामागच्या खोलीत बसून गरम पाण्यात बोटं शेकत होत्या.

विचारणारा तुगुल्दुर त्यांचाच शिष्य. परदेशात शिकून, बक्षिसं मिळवून मंगोलियात, उलानबातरला परतला होता आणि आता याच सभागृहाचा व्यवस्थापक होता.

"पाहुणे बाहेरचे आहेत," तो म्हणाला. "त्यांच्या ओळखीच्या युरोपीय रचना वाजवा आणि उठा. आपली मेंढपाळांची लांब गाणी आज नकोत."

"का?"

"लांब गाण्यात एक अक्षर टेकडीपलीकडे पोचेपर्यंत ताणतात. पियानोची पट्टी कितीही दाबून धरा, सूर उमटला की विरायलाच लागतो. तुम्हीच शिकवलंत मला हे."

"हो. शिकवलं."

"मग हा हट्ट कशासाठी?"

बाईंनी हात पुसले आणि गळ्याचा रुमाल सोडला.

तुगुल्दुरने तो रुमाल वर्षानुवर्षं पाहिला होता. त्याखालचा व्रण आज पहिल्यांदा पाहिला.

"ऐन तारुण्यात गळ्याचं ऑपरेशन झालं, गाणारा आवाज गेला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच, कुजबुजीएवढा. "त्याआधी मी गात होते. आईबरोबर. घोड्यावर बसून."

तो नजर वळवून म्हणाला, "तरीही... आज नाही. वाजवलंत, तर मला दिवे घालवावे लागतील."

"घालव."

बाई रंगमंचावर गेल्या. ठरलेल्या रचना त्यांनी स्वच्छ वाजवल्या. टाळ्या झाल्या. त्या उठल्या नाहीत.

मग त्यांनी आईचं गाणं सुरू केलं.

सजावट नाही, घाई नाही. एक सूर... मग नुसती वाट पाहणं... मग दुसरा. पहिल्या रांगेत कुणीतरी घड्याळ पाहिलं. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

तुगुल्दुरने विंगेतून हात वर करून दिवेवाल्याला खूण केली. दिवे गेले.

बाई अंधारात वाजवत राहिल्या.

शेवटचा सूर लागला. खोल, खालच्या पट्टीतला. तो पसरला, पातळ झाला, विरला. गळ्यातून गाताना त्यापुढे येणारी वळणं तुगुल्दुरच्या ओठांवर आली. त्याने ओठ मिटले.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी उठलंही नाही.

तो चाचपडत पियानोपाशी गेला आणि वाकून म्हणाला, "बाई, चला आता."

त्या हलल्या नाहीत.

"लोक ताटकळलेत."

"जाऊ देत ज्यांना जायचंय त्यांना."

तो थांबला. अंधारात एकही खुर्ची वाजली नाही.

"बाई..." त्याचा आवाज आता हुकमाचा राहिला नव्हता. "सूर कधीच संपला."

"माझं बोट अजून पट्टी दाबून आहे."