गिधाडाची पहिली झेप

कॅमेरे लाकडाचे असत त्या काळी अंबूताई नावाच्या छायाचित्रकार गिधाडाच्या पिल्लाची पहिली झेप टिपायला कड्यावर गेल्या. त्यांनी कॅमेऱ्याच्या तिवईला वाळूची पिशवी टांगली, तशी तिवई फणकारली, "माझे तीन पाय भक्कम आहेत. हे लोढणं कशाला?"

"असू दे गं. वारा आला तर मी आहे," पिशवी म्हणाली.

तेवढ्यात दरीतून वारा उसळला. अंबूताईंची छत्री उडाली. तिवईचा एक पाय उचलला गेला आणि कॅमेऱ्यासकट आपण कोसळणार, या भीतीनं ती गारठली. पण पिशवीनं तिला खाली ओढून धरलं. पाय पुन्हा खडकावर टेकला. त्याच क्षणी पिल्लानं पंख पसरले आणि अंबूताईंनी खटका दाबला.

फोटो लख्ख आला. एवढ्या वाऱ्यात तग धरल्याबद्दल गावभर तिवईचं कौतुक झालं, तेव्हा ती ताठ मानेनं म्हणाली, "आम्ही दोघी होतो."