ठकूमावशीची काठवट

नव्या धावरीचं गावसंग्रहालय दहाला उघडतं, पण पाहुण्यांना लगेच आत सोडत नाहीत. दगडूतात्या कुलूप काढतात, एकटेच आत जातात आणि एका जुन्या काठवटीसमोर मांडी घालून बसतात. पाहुणे बाहेर घड्याळ बघत चुळबुळतात. जरा वेळाने तात्या उठून त्यांना आत घेतात आणि या बसण्यामागची हकिकत सांगतात.

जुनी धावरी धरणात जायची होती, तेव्हाची ही गोष्ट. गावची लेक शालन शहरात संग्रहालयाचं काम शिकली होती. चांगली नोकरी सोडून ती परत आली आणि दारोदार फिरून जुन्या वस्तू मागू लागली. लोकांनी तिची यथेच्छ टिंगल केली म्हणे. एवढं शिकून पोरगी भंगार गोळा करते! पण पाणी चढायचे दिवस जवळ आले, तशी माणसं आपणहून नांगर, पाळणे, समया घेऊन देवळाच्या ओवरीत येऊ लागली. शालन प्रत्येक वस्तूला नंबराची चिठ्ठी बांधायची. आधी नंबर, माहिती मागाहून, असंच ती शिकली होती.

त्या गर्दीत ठकूमावशी आली, डोक्यावर पीठ मळायची लाकडी काठवट घेऊन. काठवटीच्या कडेवर विळ्याने पाडलेल्या नऊ खाचा होत्या. नववी अर्धीच.

"आदी ऐक बाई, मग चिठ्ठी बांद," मावशी म्हणाली.

"मावशी, आज मरायलासुद्धा सवड नाही बघा. उद्या निवांत ऐकते."

मावशी तीन दिवस येऊन ओवरीत बसली, असं सांगतात. तीनदा तिला 'उद्या' मिळालं. चौथ्या दिवशी तिच्या घरचं सामान ट्रकमध्ये चढलं, काठवट मात्र ओवरीतच राहिली. त्यांना जागा मिळाली होती पार दुसऱ्या तालुक्यात.

शालनला सवड झाली ती पाच महिन्यांनी. वही घेऊन ती त्या वसाहतीत पोचली, तर दारात मावशीची सून उभी.

"आत्याबाई गेल्या की. म्हैना झाला."

शालनने विचारलं, "खाचांचं तुम्हाला तरी काही बोलल्या का?"

"लई येळा इचारलं मी. म्हनायच्या, मला ते एकदाच सांगवंल. शालनला सांगती, ती लिवून ठेवील, मग तू वाच."

शालन तिथेच उंबऱ्याशी बसून रडली. पुढे कुणी मोठे साहेब आले. दुष्काळाच्या वर्षांच्या खाचा असतील, लिहून टाका, म्हणाले. कुणी म्हणालं, बाळंतपणं मोजली असतील. शालनने एक अक्षर लिहिलं नाही. जे ऐकलंच नाही, ते लिहायचं कसं? कार्डावर तिने फक्त नाव घातलं, ठकूबाई शेलार. आधी ऐकायचं, मग नंबर, हा शिरस्ता तेव्हापासूनचा. आणि रोज दार उघडण्याआधी ती काठवटीसमोर बसायची. "सांगा, मावशी," एवढंच म्हणायची म्हणे. अशी पस्तीस वर्षं बसली.

शालनबाई जाऊनही आता बराच काळ झाला. आजही कुलूप काढणारा आधी काठवटीसमोर बसतो आणि तेच दोन शब्द म्हणतो. कार्ड नावाखाली आजही कोरं आहे. पाहुणे खाचांवरून बोट फिरवतात, नवव्या खाचेशी थांबतात आणि तात्यांकडे बघतात.

तात्या मान हलवतात. म्हणतात, "अजून न्हाई सांगितलं."